रुग्णालयातील जंतुसंसर्ग आणि त्याची मोजदाद

रुग्ण व्याधिमुक्त होण्यासाठी रुग्णालयात येतो. तेथील वास्तव्यातच त्याला नवा संसर्ग जडावा, यासारखे दुर्दैव नाही. अशा संसर्गांमध्ये ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ या जीवाणूचा वाटा मोठा आहे. निरोगी माणसांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांच्या नाकात वा त्वचेवर तो कोणताही उपद्रव न देता वास करतो. मात्र शस्त्रक्रियेची जखम किंवा शिरेत घातलेली नळी यांवाटे तो रक्तात शिरला, तर प्राणावर बेतते. त्याचा ‘एमआरएसए’ हा प्रकार मेथिसिलीन व त्या वर्गातील बहुतेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. त्याची पहिली नोंद १९६१ साली इंग्लंडमध्ये झाली.

त्याच देशाचा पुढील अनुभव उद्बोधक आहे. एप्रिल २००१ पासून तेथील शासकीय रुग्णालयांना रक्तातील एमआरएसए संसर्गाची आकडेवारी कळविणे बंधनकारक झाले व ती रुग्णालयांच्या नावानिशी प्रसिद्ध होऊ लागली. २००३-०४ या वर्षात अशा संसर्गाच्या ७,७०० घटना नोंदल्या गेल्या. २००८ पर्यंत त्या निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट शासनाने २००४ मध्ये जाहीर केले. हातांची स्वच्छता, शिरेतील नळ्यांची निगा आणि प्रत्येक घटनेची कारणमीमांसा यांवर भर देण्यात आला. २०११-१२ मध्ये ही संख्या सुमारे १,१०० वर आली.

या यशाला दुसरी बाजूही आहे. याच जीवाणूच्या, औषधांना दाद देणाऱ्या ‘एमएसएसए’ या प्रकाराची सक्तीची नोंद जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली. २०११-१२ मध्ये त्याच्या ८,७०० हून अधिक घटना आढळल्या आणि पुढील काही वर्षांत ही संख्या १०,००० च्या वर गेली. यांतील बऱ्याच संसर्गांचा उगम रुग्णालयाबाहेर होतो, हे खरे. तरीही ज्याची मोजदाद होते त्याकडेच लक्ष वळते, हा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

मोजदाद करताना तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, संसर्ग कोठे जडला याचा एकच निकष सर्वांनी वापरावा. दाखल होऊन दोन दिवस उलटल्यानंतर घेतलेल्या रक्तात जीवाणू आढळल्यास तो संसर्ग सामान्यतः रुग्णालयातील मानला जातो. दुसरे, नुसती संख्या न देता प्रमाण काढावे. समजा, एखाद्या रुग्णालयात वर्षभर रोज सरासरी ८० खाटा भरलेल्या होत्या, तर २९,२०० खाट-दिवस होतात. त्या वर्षी तीन संसर्ग आढळले, तर प्रमाण १,००,००० खाट-दिवसांमागे सुमारे १० येते. अशा प्रमाणामुळेच लहान व मोठ्या रुग्णालयांची तुलना शक्य होते. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. गंभीर ताप असलेल्या रुग्णाचे रक्त, शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, कल्चरसाठी पाठवावे. जेथे तपासणीच होत नाही, तेथे संसर्ग कागदावर शून्य दिसतो. रुग्ण मात्र त्याचे मोल मोजतच असतो.

भारतातही अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने अशा संसर्गांवर देखरेख ठेवणारे रुग्णालयांचे जाळे उभे राहिले आहे. धर्मादाय रुग्णालयांना या कार्यासाठी प्रचंड निधी लागतो असे नाही. विश्वासार्ह प्रयोगशाळा, नोंदवही नियमितपणे भरणारी प्रशिक्षित परिचारिका आणि दरमहा ते आकडे पाहून प्रश्न विचारणारे व्यवस्थापन एवढ्यावर प्रारंभ करता येतो. आकडा वाढला म्हणून कोणाला दोषी ठरवू नये. तसे झाल्यास पुढील महिन्यापासून नोंदीच कमी होतील आणि संसर्ग तसाच राहील. हा संसर्ग कोठून आला व तो टाळता आला असता का, एवढेच विचारावे.

रुग्णांच्या आप्तांचाही यात सहभाग हवा. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुण्याची आठवण त्यांनी डॉक्टरांनाही निःसंकोचपणे करून द्यावी. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यात कोणाचाही अवमान नाही.