‘हॅव’ ह्या क्रियापदाचा योग्य उपयोग

इंग्रजीतील ‘हॅव’ हे क्रियापद प्राथमिक शाळेतील मुलासही ठाऊक असते. तरीही दहावीच्या उत्तरपत्रिकेत आणि पुढे नोकरीच्या अर्जातही ते वारंवार चुकलेले आढळते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे कोणी बोलला की वर्गात हशा पिकतो, आणि ज्याला हसले तो मुलगा पुन्हा इंग्रजीत तोंड उघडीत नाही. म्हणून ही चूक कोठून येते हे आधी पाहू.

मराठीत ‘हॅव’ला नेमके प्रतिशब्द असे क्रियापदच नाही. आपण ‘असणे’ ह्या क्रियापदावर काम भागवितो. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ दहा रुपये आहेत’, ‘तिच्या अंगी धैर्य आहे’ ही वाक्ये पाहा. आप्तांसाठी ‘ला’, हाताशी असलेल्या वस्तूसाठी ‘जवळ’, गुणासाठी ‘अंगी’ असा सूक्ष्म भेद मराठी करते. इंग्रजी हे सारे एकट्या ‘हॅव’ने सांगते.

ही रीत केवळ मराठीची नव्हे. आमच्या घरची भाषा कोकणी. तीत ‘म्हाका दोग भाव आसात’ असे म्हणतात. मुडबीच्या बाजारात कानडी बोलणारा ‘ननगे इब्बरु अण्णतम्मंदिरु इद्दारे’ म्हणतो, तर दखनी बोलणारा ‘मेरे कू दो भाई हैं’ म्हणतो. शब्द निराळे, पण वाक्याची ठेवण एकच. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कानडी व उर्दू बोलींचा अभ्यास करून गंपर्झ आणि विल्सन ह्या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ साली हेच दाखवून दिले : पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्याने तेथील बोलींची वाक्यरचना जवळजवळ एक झाली आहे. दूरच्या रशियन भाषेतही ‘माझ्यापाशी आहे’ अशाच थाटाची रचना रूढ आहे. तेव्हा ‘हॅव’ चुकणे हे मंदबुद्धीचे लक्षण खचित नव्हे. आता नियम पाहू.

१. ‘मला दोन भाऊ आहेत’ ह्या वाक्यात कर्ता ‘भाऊ’ असून क्रियापद त्याच्यामागे जाते. इंग्रजीत मात्र ज्याचे भाऊ तोच कर्ता होतो. म्हणून ‘त्याला दोन भाऊ आहेत’ ह्याचे भाषांतर ‘ही हॅज टू ब्रदर्स’ असे करावे. भाऊ दोन आहेत म्हणून ‘ही हॅव’ लिहू नये. उलट ‘त्यांना एकच घर आहे’ ह्याचे ‘दे हॅव ओन्ली वन हाउस’ असे होते. प्रश्नात ‘डझ’ आले की मागाहून ‘हॅज’ येत नाही : ‘डझ ही हॅव अ पेन?’

२. मराठी भाषांतरात ‘आहे’ एवढेच क्रियापद येत असेल, तर ‘हॅविंग’ वापरू नये. ‘तिला ताप आहे’ म्हणजे ‘शी हॅज अ फीव्हर’. ‘आहे’ दिसताच ‘ॲम’ किंवा ‘इज’ लिहिण्याच्या सवयीतून ‘शी इज हॅविंग फीव्हर’ असे वाक्य जन्मते. परंतु जेवणे, पिणे, स्नान करणे अशी प्रत्यक्ष क्रिया चालू असेल, तर ‘हॅविंग’ शुद्ध आहे : ‘वी आर हॅविंग अवर मील’, ‘ही इज हॅविंग अ बाथ’.

३. पूर्ण वर्तमानकाळात ‘हॅव’ साहाय्यक क्रियापद होते : ‘आय हॅव सीन द फोर्ट ॲट बीदर.’ मराठीत ‘मी गेल्या वर्षी तो किल्ला पाहिला आहे’ हे वाक्य चालते. इंग्रजीत मात्र ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असा सरलेला काळ सांगितला की ‘हॅव’ गळते : ‘आय सॉ द फोर्ट लास्ट इयर.’

४. ‘हॅव टू’ म्हणजे भाग पडणे. ‘मला जावे लागते’ ह्याचे ‘आय हॅव टू गो’ असे होते. ‘मला जायचे आहे’ ह्यात पुष्कळदा इच्छा असते. तेथे ‘आय वॉन्ट टू गो’ म्हणावे. अर्जात किंवा पत्रात हा भेद चुकला, तर वाचणाऱ्याचा आपल्या हेतूविषयी गैरसमज होतो.

आता पुढील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा आणि प्रत्येक वाक्यात दोन्ही भाषांतील कर्ता ओळखून खूण करा :

(अ) आमच्या घराला तीन दारे आहेत.
(आ) आजीला खोकला आहे.
(इ) बाबा चहा घेत आहेत.
(ई) मी बसवकल्याणचा किल्ला पाहिला आहे.
(उ) तिला रोज शाळेत चालत यावे लागते.

ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांनाही ह्या अभ्यासात मदत करता येईल. मुलाने वाक्य लिहिले की ‘ह्याचे मराठी काय?’ एवढेच विचारावे. उत्तरात केवळ ‘आहे’ आले की एखादी क्रिया आली, हे ऐकताच मुलाला आपल्या वाक्याची पारख होईल. घरची भाषा बाजूला सारून इंग्रजी येते हा समज सोडावा. दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून ताडून पाहणारा विद्यार्थी नियम लवकर ओळखतो आणि चारचौघांत न बिचकता बोलू लागतो.