विनाअनुदानित शाळांतील अध्यापन : सेवेची शाश्वती आणि नेतृत्वाची वाट

शासनाचे अनुदान न घेता चालणाऱ्या खाजगी शाळांचा विस्तार आज देशभर झालेला आहे. नामवंत निवासी शाळांपासून तालुक्याच्या गावी चार खोल्यांत भरणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेपर्यंत या क्षेत्राचा पसारा आहे. या शाळांचे शुल्क, प्रवेश आणि निकाल यांची सतत चर्चा होते. तेथे वीस-पंचवीस वर्षे अध्यापन करणाऱ्या शिक्षकाच्या सेवेविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. अनुभवी शिक्षक शाळेत टिकला तरच त्याच्यातून उद्याचा मुख्याध्यापक घडतो. त्यामुळे सेवेच्या शाश्वतीचा प्रश्न शाळेच्या गुणवत्तेशी थेट निगडित आहे.

स्वायत्तता आणि तिच्या मर्यादा

टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २००२ रोजी निकाल दिला. विनाअनुदानित संस्थांना शिक्षकांची निवड करण्याची व शुल्क ठरविण्याची स्वायत्तता त्याने मान्य केली. त्याच वेळी नफेखोरी निषिद्ध ठरविली आणि शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचा शासनाचा अधिकारही कायम ठेवला.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने ही अर्हता देशभर एकसारखी केली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनुसार इयत्ता पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा आवश्यक झाली. विनाअनुदानित शाळाही तिच्या कक्षेत येतात. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असे सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपविला. याच २००९ च्या कायद्याने शिक्षकास खाजगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. म्हणजेच अपुरे वेतन शिकवणीतून भरून काढण्याचा मार्ग शिक्षकास कायद्याने बंद आहे.

सेवाशर्तींचे संरक्षण

सेवाशर्तींचे कायदे राज्यागणिक भिन्न आहेत. दिल्ली शालेय शिक्षण अधिनियम, १९७३ नुसार मान्यताप्राप्त खाजगी शाळेतील वेतन व भत्ते शासकीय शाळेतील समकक्ष पदापेक्षा कमी असता कामा नयेत. बडतर्फीपूर्वी शिक्षण संचालकांची मंजुरी घेण्याची तरतूद विनाअनुदानित शाळांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले.

महाराष्ट्रात १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा अनुदानित व विनाअनुदानित अशा दोन्ही शाळांना लागू आहे. कायम रिक्त पदावरील नियुक्तीसाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा परिवीक्षा काळ असतो. बडतर्फी वा पदावनतीविरुद्ध ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ही मुदत माहीत नसल्यास न्याय्य दावाही अडचणीत येतो.

उपदानाचा लढा

कायद्यातील हक्क आणि प्रत्यक्ष लाभ यांतील अंतर उपदानाच्या, म्हणजेच ग्रॅच्युइटीच्या, प्रकरणात ठळकपणे दिसले. ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शिक्षणसंस्थांना उपदान प्रदान अधिनियम, १९७२ लागू झाला. परंतु अधिनियमातील व्याख्येनुसार शिक्षक हा ‘कर्मचारी’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. परिणामी शाळेतील लिपिकास उपदान आणि त्याच शाळेतील शिक्षकास ते नाही, अशी विसंगत स्थिती निर्माण झाली. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलून हा लाभ ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने शिक्षकांना दिला. खाजगी शाळांनी या दुरुस्तीस दिलेले आव्हान २९ ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळले गेले. एका व्याख्येतील उणीव दूर होऊन हक्क निर्विवाद होण्यास अशी पंचवीस वर्षे लागली.

उपदानाची आकारणी सोपी आहे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन मिळते व त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. आकारणीस पात्र अखेरचे मासिक वेतन २६,००० रुपये असल्यास वर्षाला १५,००० याप्रमाणे वीस वर्षांचे ३,००,००० रुपये होतात. निवृत्तिवेतन नसलेल्या शिक्षकास ही रक्कम मोठा आधार ठरते. या तरतुदी आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहेत. तीनुसार मुदतबंद नियुक्तीवरील कर्मचाऱ्यास पाच वर्षांची अट न लावता सेवेच्या प्रमाणात उपदान देय आहे. दरवर्षी नव्याने नेमणूकपत्र घेणाऱ्या शिक्षकांनी ही बाब विशेषत्वाने ध्यानात ठेवावी.

वर्गापासून मुख्याध्यापकपदापर्यंत

विनाअनुदानित शाळेत विषयशिक्षक, विभागप्रमुख, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक आणि मुख्याध्यापक अशा पायऱ्या सामान्यतः आढळतात. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांच्या नियमावलीत मुख्याध्यापकपदासाठी अर्हताप्राप्त ज्येष्ठतम शिक्षकास प्राधान्य आहे. अल्पसंख्याक संस्थांना यात सवलत आहे. अन्यत्र व्यवस्थापनाची पसंती बव्हंशी निर्णायक ठरते. ज्येष्ठता अनुभवाची खात्री देते, निवडीच्या स्वातंत्र्यामुळे तरुण गुणी शिक्षकास संधी मिळते. परंतु नेतृत्वाचे प्रशिक्षण या दोहोंतून आपोआप मिळत नाही. उत्तम गणित शिकविणाऱ्यास अंदाजपत्रक मांडणे, नवशिक्षकाच्या पाठाचे निरीक्षण करणे, विश्वस्त व पालक यांच्यात समतोल राखणे, तसेच २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना वर्गात सामावून घेणे या गोष्टी शिकाव्याच लागतात.

यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र कार्यरत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शिक्षक व मुख्याध्यापक या दोघांसाठीही वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे.

समारोप

लेखी नियुक्तिपत्र, बँकेमार्फत पूर्ण वेतन, अद्ययावत सेवापुस्तक आणि उपदानासाठी नियमित तरतूद या चार गोष्टी पाळण्यास कोणत्याही प्रामाणिक संस्थेस अडचण नसावी. आपल्या शिक्षकास सन्मानाने निवृत्त करणारी शाळाच पुढच्या पिढीतील गुणवंतांना या व्यवसायाकडे आकृष्ट करू शकेल.