सायकलीची सीट

आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तीन तरुण १९२३ साली मुंबईहून सायकलीवर निघाले आणि जगप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. त्यांची हकीकत वाचून मला उतारवयात हुरूप आला व मी मनवेलपाड्याहून वसईच्या किल्ल्यापर्यंत सायकलीने जावयाचे ठरविले. नालासोपारा मागे पडेपर्यंत मौज वाटली. पुढे बसणेच असह्य झाले.

घरी येताच मी सीटवर स्पंजाचे जाड आवरण चढविले. दुसऱ्या खेपेस त्रास दुपटीने वाढला! निरुपयोगी भरताडाला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो, ती मी अक्षरशः केली होती.

मुलांनो, सायकलीवर बसताना शरीराचा भार कमरेखालील दोन हाडांच्या टोकांवर यावयास हवा. फार मऊ सीटमध्ये ही टोके रुततात, मधला भाग वर येतो आणि मांड्यांमधील नाजूक मज्जातंतू व रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणून सीट काहीशी टणक आणि त्या हाडांच्या अंतराजोगी रुंद असावी. हे अंतर प्रत्येकाचे निराळे. कठीण बाकावर पन्हळी पुठ्ठा ठेवून, किंचित पुढे वाकून त्यावर बसावे. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. सीटचा मागचा भाग त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवा. उंचीही पाहावी : खाली गेलेल्या पायडलवर टाच ठेवली असता गुडघा सरळ व्हावा.

नवी सीट पहिले काही दिवस मलाही टोचली. मग एका रविवारी पुन्हा किल्ल्यावर गेलो; परतताना वाटेत कोठेही उतरावे लागले नाही.