हंगाम आणि संकेतस्थळांवरील गर्दी

कापूस निघाला की हिंगणघाटच्या बाजारात गाड्यांची रांग लागते आणि उन्हाळ्यात तेच आवार ओस पडते. शेतीविषयक संकेतस्थळांवरील वर्दळही अशीच हंगामाप्रमाणे वाढते व ओसरते. ही भरती-ओहोटी ओळखून कामाची आखणी केल्यास शेतकऱ्याचा वेळ वाचतो व नुकसान टळते.

वर्षाचा क्रम असा असतो. जूनमध्ये पावसाचा अंदाज पाहणाऱ्यांची संख्या वाढते. जुलैमध्ये कापूस, सोयाबीन व तूर यांच्या पीकविम्याची घाई होते. त्यानंतर ई-पीक पाहणीचे काम येते. ही पद्धत राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. सोयाबीन-कापूस घरी येऊ लागल्यावर बाजारभाव पाहिले जातात. एप्रिल-मे हा त्यामानाने निवांत काळ होय.

गर्दीत संकेतस्थळ मंद का होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. एका विहिरीवर एकच मोट असली म्हणजे एका वेळी ठराविकच पाणी निघते. सर्वांनी एकदम मागितल्यास बाकीच्यांना थांबावे लागते. संकेतस्थळ चालविणाऱ्या संगणकाचेही तसेच आहे. उत्तर येण्यास उशीर झाला म्हणून अर्जदार पुन्हा पुन्हा कळ दाबतो. प्रत्येक वेळी नवी मागणी नोंदली जाते आणि गर्दी अधिकच वाढते.

आता हिशेब करून पाहू. समजा, एका सेवा केंद्रावर एका अर्जास १५ मिनिटे लागतात. आठ तासांत ३२ अर्ज होतील. गावात २०० अर्जदार असतील तर सात दिवस पाहिजेत. म्हणजे २५ जुलैला आरंभ केल्यास ३१ जुलैला काम कसेबसे पुरे होईल. परंतु गर्दीमुळे एका अर्जास ३० मिनिटे लागू लागली, तर दिवसाला १६ च अर्ज होतील आणि तेरा दिवस लागतील. सात दिवसांत ११२ अर्ज होऊन ८८ शेतकरी विम्यावाचून राहतील. त्यात वीज गेली तर विचारावयासच नको.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा मिळत होता. त्या वर्षी ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली. तथापि मुदतवाढ दर वर्षी मिळेलच, असे गृहीत धरून बसणे हिताचे नाही.

यास्तव ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. मे महिन्यातच सात-बारा, आठ-अ, आधार व बँक पासबुक यांवरील नावे जुळतात की नाही, हे पाहावे. चूक दुरुस्त होण्यास वेळ लागतो.

२. पेरणी आटोपताच वाडी-वस्तीनुसार अर्जदारांची यादी करून प्रत्येकास दिवस नेमून द्यावा.

३. शक्यतो पहाटे वा रात्री उशिरा अर्ज भरावा. त्या वेळी वर्दळ कमी असते.

४. अर्ज भरल्यावर पावती घेऊन जपून ठेवावी. पावती हाती आल्यावाचून काम झाले, असे समजू नये.

शेतकरी बंधूंनो, वाफसा साधून पेरणी करण्याचे महत्त्व आपण जाणताच. अर्जाचाही वाफसा असतो, तो साधावा.