बुरशीचा माग

प्रास्ताविक

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर किंवा कोपऱ्यात पडलेल्या चामड्याच्या वहाणेवर बुरशी चढलेली तुम्ही पाहिली असेल. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. आपण ते रोज श्वासावाटे आत घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. मात्र ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, अशांच्या शरीरात हीच बुरशी मूळ धरते. असा संसर्ग ओळखणे अवघड का असते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• बुरशीजन्य संसर्गाचा धोका कोणाला अधिक असतो, हे सांगता येईल.
• निदानाच्या निरनिराळ्या पद्धती स्पष्ट करता येतील.
• वेळेवर निदान होण्याचे महत्त्व पटवून देता येईल.

पाठ

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘म्युकरमायकोसिस’ हे नाव घरोघरी पोहोचले. २८ जून २०२१ पर्यंत देशात या आजाराच्या ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ६४ टक्के रुग्ण मधुमेही होते. महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांत रुग्णांची संख्या विशेष मोठी होती. अनियंत्रित मधुमेह आणि कोरोनावरील उपचारात वापरलेली स्टिरॉइड औषधे यांमुळे या बुरशीला वाट मोकळी झाली.

लोक या आजाराला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. वास्तविक ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तप्रवाह खुंटतो आणि तेथील ऊती मरून काळ्या पडतात. म्हणजेच काळा डाग दिसेपर्यंत बराच घात झालेला असतो. नाकातून ती डोळ्यापर्यंत व पुढे मेंदूपर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच येथे एकेक दिवस मोलाचा ठरतो.

मग निदान लवकर का होत नाही? पहिले कारण असे, की चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणे, नाक चोंदणे, ताप येणे ही लक्षणे इतर आजारांतही आढळतात. दुसरे कारण असे, की बीजाणू सर्वत्र असल्यामुळे थुंकीत बुरशी सापडली, तरी तीच रोगाचे कारण आहे असे लगेच म्हणता येत नाही. ऊतीचा तुकडा काढून तपासणे अधिक खात्रीचे; परंतु अत्यवस्थ रुग्णाला ते नेहमीच झेपते असे नाही. प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यास काही दिवस लागतात आणि कित्येकदा ती वाढतच नाही.

अशा वेळी एक साधी व जुनी पद्धत उपयोगी पडते. नाकातून घेतलेला नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. त्यात मानवी पेशी विरघळतात, परंतु बुरशीचे तंतू टिकून राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे तंतू दिसले, तर म्युकरचा संशय बळावतो. अरुंद आणि आडपडदे असलेले दिसले, तर ॲस्परजिलससारख्या बुरशीचा. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ॲस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर चालत नाही. म्युकरवर दिले जाणारे ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध मूत्रपिंडांना अपाय करू शकते. निदानाची वाट पाहावी, तर बुरशी पसरते. केवळ संशयावरून औषध द्यावे, तर त्याचा अपाय होण्याची भीती असते. संशोधक शीघ्र चाचण्यांच्या मागे आहेत, ते या पेचामुळेच.

असा शोध यशस्वी होऊ शकतो, हे क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या बाबतीत दिसून आले. एचआयव्हीबाधित रुग्णांमध्ये ती मेंदूच्या आवरणाला सूज आणते. तिचे अंश लक्षणे दिसण्यापूर्वी काही आठवडे रक्तात आढळू शकतात. आता कागदी पट्टीच्या साध्या चाचणीने सुमारे दहा मिनिटांत ते ओळखता येतात. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. म्युकरसाठी मात्र अशी सर्वमान्य पट्टी नाही. रक्तातील बुरशीचे डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीवर संशोधन चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली १९ घातक बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध करून या दुर्लक्षित क्षेत्राकडे जगाचे लक्ष वेधले.

तथापि कोणतीही चाचणी करण्यापूर्वी कोणाच्या तरी मनात शंका यावी लागते. मधुमेही आजोबांचा एकच गाल सुजला आहे, त्यांना एकाची दोन चित्रे दिसत आहेत, हे घरातील माणसाच्या लक्षात आले आणि त्याने ते त्वरित डॉक्टरांच्या कानावर घातले, तर निदानाची पहिली पायरी तेथेच चढली जाते.

शब्दार्थ

बीजाणू – ज्यापासून नवी बुरशी उगवते असा सूक्ष्म कण
ऊती – समान पेशींचा समूह
अत्यवस्थ – प्रकृती गंभीर असलेला
पेच – अडचण, कोंडी

स्वाध्याय

१. म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ म्हणणे अचूक का नाही?
२. थुंकीत बुरशी सापडणे हा रोगाचा पुरेसा पुरावा का ठरत नाही?
३. डॉक्टरांपुढील पेच तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘निदानाची पहिली पायरी घरातच असते’ या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत मांडा.