गुण्या तपासायचा कशाने?

प्रश्न : आमच्याकडे दारांचं काम चालू आहे. मेस्त्रींनी नवा कोरा गुण्या आणला आणि आधी एका फळीवर रेघ मारली, मग तो पालथा करून तिथेच दुसरी. दुकानातून आणलेल्या वस्तूवर एवढा अविश्वास का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अविश्वास रास्त आहे. गुण्याचा दांडा फळीच्या कडेला टेकवून पात्यालगत रेघ मारायची, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी मारायची. कोन खरोखर 90 अंशांचा असेल तर रेघा एकमेकींवर बसतात. नसेल तर एक डावीकडे झुकते, दुसरी तितकीच उजवीकडे. म्हणजे चूक दुप्पट होऊन दिसते. 30 सेंटिमीटरवर रेघांमध्ये 2 मिलिमीटर फट पडली, तर गुण्याची चूक 1 मिलिमीटर. 90 सेंटिमीटर रुंदीच्या दारावर तीच 3 होते. फळीची कड मात्र सरळ हवी, नाहीतर दोष कडेचा आणि शिक्षा गुण्याला!

गंमत अशी, की यासाठी दुसरा अधिक अचूक गुण्या लागतच नाही. पाणसळीचंही तसंच. त्याच जागी तिची टोकं अदलाबदल करून ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा खोलीच्या एकाच बाजूला तितकाच सरकला, तर पाणसळ खरी, उतार जागेचा.

चौकटीएवढ्या मोठ्या कामाला गुण्या तोकडा पडतो. तिथे कर्ण मोजतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, तर चारही काटकोन. पण चौकटीला पीळ असला तरी कर्ण सारखे भरू शकतात. म्हणून वर-खाली एकेक सरळ पट्टी आडवी धरून, एक डोळा मिटून, दोन्हींच्या कडा समांतर दिसतात का ते पाहायचं. जुने मेस्त्री हे नुसत्या नजरेनंही ओळखतात.

तुमच्या रत्नागिरीत आणखी एक पेच आहे. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. गुण्याचा दांडा लाकडी असेल तर पावसाळ्यात तो पुन्हा तपासावा. फळ्या शेजारी-शेजारी ठोकून केलेलं दार आषाढात हमखास अडतं; चौकटीच्या खाचेत फळी सैल बसवलेलं त्या मानाने कमी. मापं उन्हाळ्यात घेतली असतील तर दाराभोवती पुरेशी फट ठेवली आहे का, हे मेस्त्रींना आत्ताच विचारा. पावसात अडलेल्या दारावर रंधा मारला, तर दिवाळीनंतर तेच ढिलं होतं.