भुरीला तिच्या पायांनी येऊ दे

काल रात्री तुझा निरोप वाचला. कुत्रीला घरी आणून आठवडा झाला, भुरी दिवाणाखालून बाहेर येत नाही. तू खोलीतून गेलीस की मगच जेवते. कुकरची शिट्टी झाली की भिंतीला चिकटून थरथरते. आणि शेवटी तू लिहिलंयस, "ताई, तिला मी आवडत नाही का गं?" हा प्रश्न आधी मनातून काढून टाक. आवडणं-नावडणं फार पुढचं. तू कोण आहेस, हेच तिला अजून कळलेलं नाही.

तिचा कान नीट बघितलास का? तू पाठवलेल्या फोटोत टोकाला खाच दिसते. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याची ती खूण असते. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम २००१ साली आले, २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं, अशी ती पद्धत. काम गरजेचंच आहे. पण भुरीच्या बाजूनं बघ. एके दिवशी तिला पकडलं, गाडीचं दार लागलं, मग पिंजरा, सुई, अनोळखी हात, पोटावर टाके. माणसं जवळ आली आणि दार लागलं की पुढे काय होतं, याचा तिच्या गाठीला एवढाच अनुभव आहे. आणि आठवड्यापूर्वी तुम्ही तिला हर्सूल टी-पॉइंटवरून उचललं, रिक्षात घातलं, घरी आणलं आणि दार लावलं.

त्यात तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही गं. तिला रस्त्यावरून सुरक्षित आणायचं तर दुसरं काय करणार? पण दिवाणाखाली ती रुसून बसलेली नाही, एवढं त्यावरून कळतं. तीन बाजू बंद, एकीकडून सगळं दिसतं, अशी घरातली ती एकच जागा तिनं स्वतः शोधली. ती जागा तिचीच राहू दे. तिथे जुनी सतरंजी टाक, पाण्याचं भांडं तिला सहज पोचेल असं ठेव. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव: दिवाणाखाली हात घालायचा नाही, वाकून बघायचं नाही, झाडूही तिकडे नेऊ नका. कचरा साठला तर साठू दे.

बाबा म्हणतात ना, "टी-पॉइंटवर ट्रकांच्या मधून फिरायची ती, तिला घरात कसली भीती?" तिथेच तर खरी गोम आहे. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे जे समोर येतं, ते त्याच्या जगात सामावतं. भुरीच्या त्या दिवसांत जळगाव रोडचे ट्रक होते, चहाच्या टपऱ्या होत्या, हॉर्न होते. मिक्सर नव्हता, डोक्यावर गरगरणारा पंखा नव्हता, फ्लशचा आवाज नव्हता. आणि तुमची ती गुळगुळीत फरशी! मातीवर वाढलेले पाय तिच्यावर घसरतात, आणि पायाखालची जमीन भरवशाची नसेल तर धीर कुठून यायचा? दिवाणापासून अंगणाच्या दारापर्यंत गोणपाटाची नाहीतर जुन्या चटयांची वाट घालून दे. बाकी काही जमो न जमो, हे आजच कर.

आणखी एक सांगते, कारण पाहुणेमंडळी हमखास म्हणतील, "किती गरीब आहे, काही त्रासच नाही." निपचित पडलेलं कुत्रं शांत असतंच असं नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या कुत्र्यांना विजेच्या धक्क्यापासून सुटायची काही सोय नव्हती, त्यांतली बरीचशी पुढे सुटायची वाट उघडी असतानाही पडून राहिली. क्रूर प्रयोग होते, वाचवत नाहीत. पण आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही असं जिवाला पटलं की तो हलायचंच सोडतो, असा निष्कर्ष त्यांनी तेव्हा काढला. म्हणून भुरीच्या अंगाकडे लक्ष ठेव. भूक नसताना जीभ ओठांवरून फिरते, झोप नसताना जांभई येते, तोंड वळवून डोळ्यांच्या कडेनं बघते आणि पांढरं दिसतं, शेपूट पोटाशी, कान मागे. यांतलं काहीही दिसलं की ती म्हणतेय, "थोडं लांब हो." तू लांब झालीस की तिला समजतं, आपलं म्हणणं इथे ऐकलं जातं. भित्र्या जिवाला धीर मिळतो तो इथून.

नामदेव महाराजांची गोष्ट आजीनं तुलाही सांगितली असेल. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, देवा, कोरडी खाऊ नको म्हणत. लहानपणी ऐकताना मला धावणारे महाराज दिसायचे. अशी कुत्री सांभाळायला लागल्यापासून पुढे पळणारं कुत्रं दिसतं. मागून येणाऱ्याच्या हातात तूप आहे की काठी, हे त्याला कसं कळावं? महाराजांना त्याच्यात विठ्ठल दिसला, ती त्यांची थोरवी. आपण मात्र वाटी खाली ठेवून बसायचं. तुझं प्रेम तुझ्या मनात भरून वाहतंय, पण भुरीला दिसतो तो फक्त तिच्याकडे येणारा एक हात.

म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगते. संध्याकाळी खोलीत जमिनीवर बस, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. पुस्तक वाच, मेथी निवड, काहीही कर. तिच्याकडे टक लावून बघू नकोस. मधूनच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा तिच्या दिशेनं सरकव. हातातून खायला लावायची घाई नको. आपण सगळे इथेच गडबडतो. तुकडा हातात धरून "ये ना, ये ना" करत बसतो. भुकेपोटी ती येते, मान लांब करते, पाय मागेच, आणि तुकडा उचलून पळते. खाऊ मिळाला, पण भीती तेवढीच राहिली. त्याऐवजी ती चार पावलं पुढे आली की पुढचा तुकडा तिच्या मागे, लांब टाक. तिला माघारी जाऊन खाऊ दे. तुझ्याजवळ आल्यावर सुटका होते, परत जाता येतं, हे एकदा अंगात मुरलं की ती आपणहून वळून येते. पहिल्यांदा ती तशी वळली की मला लगेच कळव.

वेळा बांधून घे. जेवण, अंगण, झोप रोज त्याच क्रमानं. आणि जे करणार ते आधी शब्दात सांग: उठताना "उठते हं", दार उघडताना "दार". शब्द कोणतेही चालतील, पण रोज तेच हवेत. पुढे काय होणार हे कळलं की जिवाचा अर्धा घोर कमी होतो.

आता आवाज. तुमच्याकडे पाण्याचा टँकर आला की मोटार, पाइप, ड्रम, बायकांच्या हाका, सगळा कल्लोळ होतो. भुरीला तेव्हा अंगणात मुळीच ठेवू नकोस. आतल्या खोलीत ने, दार-खिडकी लाव, पंख्याला ती घाबरत नसेल तर तोही चालू ठेव. आणि टँकरचा आवाज लांबून यायला लागला की, ती कान टवकारेल पण थरथरणार नाही एवढ्या अंतरावर, चिकन सुरू कर. टँकर गेला, चिकन बंद. क्रम उलटा करायचा नाही. आधी आवाज, मग खाऊ. आधी खाऊ आणि मग आवाज असं झालं तर ती चिकनलाच घाबरायला लागेल. पावलोवच्या कुत्र्यांना जेवणाची चाहूल लागली की लाळ सुटायची, ते शाळेत शिकलीसच. आपल्याला तेच चांगल्यासाठी वापरायचंय. कुकर, मिक्सर, बेल यांचंही तसंच. रेकॉर्ड केलेला आवाज अगदी बारीक ठेवून सुरुवात करता येते. पण थरथरायला लागली, खाऊ नाकारला, की समज आवाज जास्त झालाय, तिथेच थांब.

यावर आई म्हणेल, "घाबरल्यावर कुरवाळलंस तर आणखी घाबरट होईल." फार घरांत हे ऐकलंय मी, आणि ते खरं नाही. भीती ही काही ती मुद्दाम करते अशी गोष्ट नाही की लाड केल्यानं वाढावी. ती आपणहून तुझ्याजवळ आली, अंगाला टेकली, तर टेकू दे, हात ठेव. तेवढा आधार तिचा हक्क आहे. भीती वाढते ती रागावल्यानं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवल्यानं, आणि "सवय होऊ दे" म्हणून टँकरसमोर बांधून ठेवल्यानं.

हात लावायचा कधी? कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्याच रस्त्यावरच्या गावठी कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ च्या त्यांच्या एका अभ्यासात अनोळखी माणसानं काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खायला दिलं, काहींना पुन्हा पुन्हा कुरवाळलं. विश्वास अधिक बसला तो कुरवाळलेल्यांचा. वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण ती कुत्री माणसाजवळ येणारी होती, भुरी अजून त्या टप्प्यावर नाही. ती आली की डोक्यावरून हात नेऊ नकोस. वरून येणारा हात तिला मारायला येणारा वाटतो. खालून, छातीशी, दोन-तीनदा खाजव आणि हात मागे घे. ती पुढे सरकली तर पुन्हा. जागेवरच थांबली तर तेवढ्यावर पुरे.

फिरायला न्यायची घाई नको. अंगण असताना पहिले काही आठवडे तेच पुष्कळ. आणि नेशील तेव्हा नुसता गळपट्टा नको. घाबरलेलं कुत्रं मागच्या मागे मान सोडवून घेतं आणि जळगाव रोडवर ते सुटलं तर काय होईल, ते बोलवतही नाही. अंगाला नीट बसणारा हार्नेस घे, गळपट्टा वेगळा, दोन्हींना दोरी. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, ती हात लावू देईल त्याच दिवशी घाल. पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत, जटवाडा रोडच्या आतल्या कच्च्या वाटेनं ने. तिचं नाक खाली जाऊ दे, पाहिजे तितका वेळ हुंगू दे. हुंगणारं कुत्रं सैलावलेलं असतं. उन्हाळ्यात डांबर तापलं की पायाचे तळवे पोळतात, तेव्हा ऊन चढायच्या आत घरी. आणि नवरात्रात हरसिद्धी मातेच्या यात्रेला "बघू दे तिला गर्दी" म्हणून कुणी नेऊ म्हटलं, तर सरळ नाही म्हण.

दवाखाना लांबवू नकोस. दुखणारा जीव भित्रा होतो, आणि आपल्याकडे गोचीड भरपूर. गोचीडतापात कुत्रं मलूल होतं, अंग चोरतं, जेवत नाही. आपण त्याला भीती समजत बसतो. रक्ततपासणी करून घे, जंताचं औषध दे. कानाला खूण असली तरी लस कधी टोचली त्याचा कागद तुझ्याकडे नाही, म्हणून रेबीजची लस पुन्हा विचारून घे. डॉक्टरांना घरी बोलावता आलं तर उत्तम. भीती फारच असेल, महिना-दीड महिन्यात काहीच हललं नाही, तर भीती उतरवणारी औषधंही असतात; डॉक्टरांनी सुचवली तर कमीपणा मानू नकोस. मनानं मात्र काही देऊ नकोस. दिवाळीच्या फटाक्यांसाठी तर आधीच जाऊन विचार.

आणि गुरगुरली तर रागावू नकोस. गुरगुरणं म्हणजे तिनं दिलेली सूचना. ती दाबलीस तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागेल. शेजारची मुलं बघायला येतात ना, त्यांना अजून काही दिवस खिडकीतूनच दाखव. कुणालाही दात किंवा ओरखडा लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी घाटी रुग्णालयात जाऊन लस सुरू करायची. हळद, चुना, तिखट असलं काही जखमेवर लावू द्यायचं नाही. यात "घरचंच कुत्रं आहे" हे कारण नको.

सांभाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा अंदाज सांगतात: दडपण उतरायला, घराची रीत कळायला, घर आपलं वाटायला. भुरीसारख्या मोठ्या कुत्रीला त्याहून जास्त लागू शकतं. चार दिवस छान जातील आणि पाचव्या दिवशी कुणाच्या हातून ताट पडेल, ती पुन्हा दिवाणाखाली. त्या दिवशी काहीच मागू नकोस तिच्याकडून. नुसतं जेवण आणि अंगण. बाबा तेव्हा म्हणतील, "तिला रस्त्यावरच बरं होतं, सोडून ये." त्यांना सांग, २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायला परवानगी दिली, तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारीही घेणाऱ्यावरच टाकली. पण बाबांना कोर्टापेक्षा हातातलं काम लवकर पटतं. रात्रीची ताटली दिवाणापाशी ठेवायचं काम त्यांच्याकडे दे. ठेवायची आणि मागे न बघता निघून जायचं. माझ्या अंदाजानं सगळ्यांत आधी ती त्यांच्याच मागे येईल. ते कमी बोलतात, कमी वाकतात.

मी रविवारी येते. बेल वाजवणार नाही, गेटवरून फोन करीन. "बघ कोण आलंय" असं भुरीला सांगू नकोस आणि तिला बाहेरही काढू नकोस. आपण दोघी दाराशी चटईवर बसून चहा पिऊ. तोवर रक्ततपासणी झाली तर तो कागद काढून ठेव, आणि ती जेवते त्या वेळेचा खोलीच्या दारातून लपून एक व्हिडिओ घे. खाताना तिचे मागचे पाय कुठे असतात, ते मला बघायचंय.